कुलाबा स्थानकाची किंमत

९ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली आणि आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरांचा, २७ स्थानकांचा मार्ग पूर्ण झाला. मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला रेल्वेगाडी प्रथमच पोचली, असे नव्या पिढीला वाटले तर त्यात नवल नाही. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. या टोकाला पन्नासाहून अधिक वर्षे आगगाडी येत होती. अखेरची तीन वर्षे तर ती विजेवर धावत होती. ३१ डिसेंबर १९३० च्या मध्यरात्री कुलाबा स्थानक बंद झाले, रूळ उखडले गेले आणि कालांतराने त्या स्थानकाची आठवणही पुसली गेली. उखडलेला तुकडा चर्चगेटपासून जेमतेम दोन किलोमीटरांचा होता. तेवढ्या अंतरावर पुन्हा रेल्वेगाडी आणण्यास या शहराला जवळजवळ ९५ वर्षे लागली. मधल्या काळात त्याची किंमत कोणी चुकती केली, हा प्रश्न मेट्रोच्या आनंदात विसरला जाऊ नये. कारण तो केवळ इतिहासाचा प्रश्न नाही.

कुलाब्याचे आणि कापसाचे नाते रेल्वेपेक्षा जुने आहे. कुलाबा हे मूळचे स्वतंत्र बेट. १८३८ साली कॉजवे बांधून ते मुंबईला जोडले गेले आणि १८४४ साली किल्ल्यातला कापसाचा बाजार तेथे हलविण्यात आला. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले त्या सुमारास शहरावर कापसाचे राज्य होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला होता, हिंदी कापसाचे भाव भडकले होते आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडत होता. गुजरातचा कापूस मुंबईच्या दक्षिण टोकाशी असलेल्या गोदामांपर्यंत आणि तेथून जहाजांपर्यंत कसा न्यावा, हा त्या काळच्या व्यापाऱ्यांपुढील मुख्य प्रश्न होता.

हा प्रश्न सोडविणे हे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे काम होते. १८५५ साली स्थापन झालेल्या या कंपनीने आरंभी गुजरातेत रूळ टाकले आणि १८६४ च्या अखेरीस तिची गाडी ग्रँट रोडपर्यंत आली. त्यापुढे जायचे तर दाट वस्तीतून वाट काढावी लागणार होती. तेव्हा वस्तीला वळसा घालून समुद्रकाठाने जाण्याची कल्पना पुढे आली. त्यासाठी बॅकबेच्या उथळ पाण्यात भराव घालून जमीन काढायची होती. या कामासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीच्या शेअरांवर शहर अक्षरशः तुटून पडले. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे अनभिषिक्त राजे होते. अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या देण्याघेण्याच्या दिवशी कागदी श्रीमंतीचा डोलारा जमिनीवर आला. कंपनी बुडाली, समुद्रातून निघणार होते त्या विशाल भूखंडाच्या जागी एक अरुंद पट्टी हाती लागली. सरकारने ती रेल्वेला दिली.

मुंबईच्या पश्चिम रेल्वेचा दक्षिणेकडील मार्ग असा एका बुडीत सट्ट्याच्या अवशेषावर उभा राहिला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाकाठी एक गाडी येणार आणि एक जाणार, एवढाच तिचा संसार होता. पुढे रूळ आणखी दक्षिणेस सरकले आणि १८७३ साली कुलाब्यास पोचले. त्यानंतरच्याच वर्षी, ९ मे १८७४ रोजी, कुलाबा ते पायधुणी अशी घोड्यांची ट्रामही सुरू झाली. ओसाड समजले जाणारे एक टोक अवघ्या दोन वर्षांत शहराशी दोन्ही बाजूंनी बांधले गेले.

प्रारंभी कुलाबा हे प्रामुख्याने मालाचे स्थानक होते. प्रवाशांची संख्या वाढली तशी त्याची योग्यताही वाढली आणि ७ एप्रिल १८९६ रोजी नव्या टर्मिनसचे उद्घाटन झाले. आज मरीन ड्राइव्हवरून फिरणाऱ्याला त्या काळच्या प्रवासाची कल्पना करणे कठीण आहे, कारण तेव्हा मरीन ड्राइव्हच नव्हता. चर्नी रोड सोडल्यानंतर गाडीच्या पश्चिमेकडील खिडक्यांतून समुद्र दिसत असे आणि भरतीच्या वेळी तो रुळांपासून फार दूर नसे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यानुसार १८९९ मध्ये पूर्ण झालेली रेल्वे कंपनीच्या मुख्यालयाची चर्चगेटची भव्य इमारतही तेव्हा समुद्राकडे तोंड करून उभी होती. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये रूळ तेवढे होते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कुलाब्याचे भाग्य उजळल्यासारखे दिसत होते. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या आणि देशातील वेगवान गाड्यांत गणल्या जाणाऱ्या फ्रंटियर मेलचा आरंभ त्याच वर्षी १ सप्टेंबरला झाला आणि त्या गाडीच्या प्रारंभीच्या वेळापत्रकात कुलाब्याचे नाव होते. एखाद्या मार्गावर विजेच्या तारा ओढल्या जातात तेव्हा त्याला दीर्घायुष्य लाभणार, असे सामान्य माणूस गृहीत धरतो. कुलाब्याच्या बाबतीत ते आयुष्य पुरते तीन वर्षांचेही ठरले नाही.

याचे कारण पुन्हा बॅकबेच्या पाण्यातच होते. सर जॉर्ज लॉइड हे १९१८ ते १९२३ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या राजवटीत बॅकबेमधून सुमारे ११४५ एकर जमीन काढण्याची प्रचंड योजना हाती घेण्यात आली. खर्चाचे अंदाज कोलमडले, काम रखडले, घातलेला भराव समुद्र परत नेऊ लागला. वीर नरिमन यांनी या कारभाराचे वाभाडे काढले. त्याबद्दल त्यांना अब्रुनुकसानीच्या खटल्यास तोंड द्यावे लागले आणि त्यातून ते निर्दोष सुटले. ‘लॉइडचा वेडेपणा’ हे नाव या योजनेला कायमचे चिकटले. अखेर नियोजित जमिनीपैकी अवघी ४४० एकरांच्या आसपास जमीन पदरात पडली. जी निघाली ती तरी चांगल्या भावाने विकली जावी, शहर आणि नवी जमीन यांच्यामध्ये रुळांची आडकाठी राहू नये, हा सरकारचा विचार होता. चर्चगेटपासून कुलाब्यापर्यंतची रेल्वेची जागा सरकारला हवी होती आणि ती मिळाली. ज्या रेल्वेचे नाव पुढे करून १८६० च्या दशकात समुद्र हटविण्यास सुरुवात झाली, तिलाच ६५ वर्षांनी समुद्र हटविण्याच्या कामातील अडथळा ठरविण्यात आले.

या निर्णयात केवळ मूर्खपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच होते. जमिनीच्या पातळीवरून जाणारे रूळ रस्त्यांना छेदत होते. कापसाचा बाजार १९२० च्या दशकात कुलाब्याहून शिवडीकडे गेला होता. त्यामुळे स्थानकाचे मूळ प्रयोजन संपत आले होते. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि उपनगरी गाड्या यांची एकाच अरुंद पट्टीवर होणारी गर्दी टाळणेही आवश्यक होते. बेटाच्या शेवटच्या टोकाशी सामान घेऊन जाण्यापेक्षा शहराच्या मध्यावर मोठे स्थानक असणे प्रवाशांच्या सोयीचे होते. क्लॉड बॅटली यांनी आराखडा केलेले आणि २१ महिन्यांत बांधून झालेले बॉम्बे सेंट्रल स्थानक १८ डिसेंबर १९३० रोजी सुरू झाले. पेशावरची किंवा दिल्लीची गाडी तेथून सोडणे यात काहीच गैर नव्हते.

चूक झाली ती उपनगरी गाड्यांच्या बाबतीत. दूरच्या गाड्या मागे घेणे आणि रोजच्या प्रवाशाची वाट कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी जी कारणे होती ती दुसरीला लागू पडत नव्हती. रूळ उंचावर नेता आले असते, त्यांची जागा थोडी बदलता आली असती. निदान भविष्यात मार्ग पुन्हा नेता यावा म्हणून एक पट्टी मोकळी ठेवता आली असती. नवी जमीन काढायची, ती विकायची, तिच्यावर इमारती उठवायच्या, आणि त्या इमारतींत येणारी माणसे कशी येणार याचा हिशेब करायचा नाही, असा हा व्यवहार होता. भूखंडाच्या किमतीचा आकडा कागदावर होता. प्रवाशाच्या वेळेला रकाना नव्हता.

त्या डिसेंबरात या प्रश्नाकडे पाहण्याच्या मनःस्थितीत शहरही नव्हते. मिठाच्या सत्याग्रहाने १९३० हे वर्ष भारून टाकले होते. बॉम्बे सेंट्रलच्या उद्घाटनाच्या सहाच दिवस आधी, १२ डिसेंबरला, परदेशी कापडाची लॉरी अडविताना बाबू गेनू हा गिरणी कामगार काळबादेवीच्या रस्त्यावर हुतात्मा झाला होता. स्वातंत्र्याचा लढा रस्त्यावर चालू असताना दोन किलोमीटर रुळांसाठी कोण रडणार? शिवाय ज्यांचे नुकसान होणार होते ते कारकून आणि कर्मचारी अजून तेथे कामालाच आलेले नव्हते. भावी प्रवाशांना मत नसते आणि त्यांची संघटनाही नसते. सार्वजनिक मालमत्तेबाबतचे अनेक चुकीचे निर्णय निर्वेधपणे पार पडतात, त्याचे एक कारण हेच असावे.

पुढे जे घडले ते सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. भराव घातलेल्या परिसरात १९५५ साली सचिवालयाची, म्हणजे आजच्या मंत्रालयाची, इमारत झाली. नरिमन पॉइंटच्या गगनचुंबी इमारती १९७० च्या दशकात उभ्या राहिल्या. ज्या योजनेविरुद्ध नरिमन झगडले, तिच्या पुढच्या अवताराला त्यांचेच नाव मिळाले. १९८१ मध्ये नवे विधानभवन झाले. वास्तविक चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्येच खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना मांडली होती, १९७० मध्ये त्यासाठी सिडकोची स्थापनाही झाली होती. शासनाची कार्यालये तिकडे हलली असती तर दक्षिण टोकावरचा भार निश्चित हलका झाला असता. परंतु एका हाताने नवी मुंबई वसवायची आणि दुसऱ्या हाताने समुद्र बुजवून जुन्या मुंबईत कचेऱ्यांची दाटी करायची, हे धोरण त्या दशकात बिनदिक्कत चालले. ज्या भागातून रेल्वे काढून टाकली होती, त्याच भागात राज्यातील सर्वांत दाट कार्यालयीन वस्ती वसविण्यात आली.

याचे ओझे वाहिले ते चाकरमान्यांनी. विरारहून, बोरिवलीहून, अंधेरीहून येणारी गाडी चर्चगेटला थांबली की प्रवास संपत नसे. बसच्या रांगेत उभे राहायचे, चौघांनी मिळून टॅक्सी करायची किंवा ऊन-पावसात चालत सुटायचे, हे तीनच पर्याय पिढ्यान् पिढ्या होते. मस्टरवर सही करण्याची वेळ गाठताना होणारी ती धावपळ मुंबईकरांच्या विनोदाचा विषय झाली. तिचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. जाता-येता मिळून रोज चाळीस मिनिटे, वर्षाला २५० कामाचे दिवस आणि नोकरीची तीस वर्षे धरली, तर एका माणसाचे ५००० तास होतात. आठ तासांच्या मापाने हे ६२५ कामाचे दिवस झाले. एका कारकुनाच्या आयुष्यातील अडीच वर्षांची नोकरी स्थानक ते कचेरी या अंतरात विनावेतन खर्च झाली, असा याचा अर्थ आहे. विकलेल्या भूखंडांचे पैसे सरकारी तिजोरीत जमा झाले. हे तास कोणत्याही खात्यावर नावे पडले नाहीत.

आता मेट्रो आली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. पण तिच्या हिशेबातही कुलाब्याचा धडा वाचता येतो. या भुयारी मार्गाचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. प्रत्यक्ष खर्च ३७,००० कोटींच्या वर गेला. हा सर्व खर्च दक्षिणेच्या टोकापायी झाला असे अर्थातच कोणी म्हणणार नाही. तथापि जमिनीवरची वाट एकदा विकून टाकली की ती परत मिळत नाही, आणि मग जमिनीखालून वाट काढावी लागते, एवढे त्यातून नक्की दिसते. भुयारी मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे तिकीट ७० रुपये आहे. लोकलच्या मासिक पासावर घर चालविणाऱ्या शिपायाला किंवा विद्यार्थ्याला हे भाडे रोज परवडेल काय, याचाही विचार व्हावयास हवा. ९५ वर्षांपूर्वी काढून घेतलेली सोय परत देताना ती सधनांपुरतीच परत मिळाली, तर हिशेब अर्धाच चुकता होईल.

कुलाब्याची चूक १९३० मध्ये संपली असती तर तिच्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तीच चूक वेगळ्या रूपाने या शहरात पुनःपुन्हा होत आली आहे. परळ आणि लोअर परळच्या गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर १९९० नंतर कचेऱ्या आणि बाजारसंकुले उठली. गिरणीच्या भोंग्यावर पाळीने पायी येणाऱ्या कामगाराच्या जागी हजारो कर्मचारी ठराविक वेळी गाडीने येऊ लागले. स्थानके आणि पूल मात्र गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी पावसाला, अफवेला, गर्दीला दोष देण्यात आला. जमिनीचा उपयोग बदलताना प्रवासाचा हिशेब न करणाऱ्या धोरणाला दोष देणारे आवाज क्षीण होते. पुढे त्या स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. नाव बदलणे सोपे असते.

कुलाब्यात स्थानक काढून नंतर कचेऱ्या आणल्या. परळला कचेऱ्या आणून स्थानक तसेच ठेवले. दोन्ही ठिकाणी दोष एकच आहे. जमिनीचा निर्णय एका कचेरीत होतो आणि गाडीचा निर्णय दुसऱ्या कचेरीत होतो. दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाची फाइल कोणाच्याच टेबलावर नसते.

हे सांगण्याची निकड आज अधिक आहे. रेल्वेच्या मोकळ्या जमिनींचा व्यापारी उपयोग करण्यासाठी केंद्र शासनाने २००६ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले आहे. बंदराच्या जमिनींच्या विकासाच्या योजनाही वेळोवेळी पुढे येत असतात. रेल्वेला पैसा हवा आहे, शहराला घरे आणि उद्याने हवी आहेत, हे मान्यच आहे. रिकामी जमीन रिकामीच ठेवावी असा आग्रह धरणे वेडेपणाचे होईल. पण रेल्वेची जमीन ही इतर जमिनीसारखी नसते. ती सलग पट्टी असते आणि तिचे मोल त्या सलगपणात असते. मधला एक तुकडा विकला की दोन्ही बाजूंचे तुकडेही निकामी होतात. कुलाब्याचा मार्ग चर्चगेटला तुटला, तेव्हा त्यापुढे जाण्याची रेल्वेची शक्यताच जवळजवळ शतकभर संपली, ती याच कारणाने.

तेव्हा काही साधे दंडक पाळले जावेत. रेल्वेची कोणतीही जागा दीर्घ मुदतीने देण्यापूर्वी पुढील पन्नास वर्षांत तेथून मार्ग नेण्याची गरज पडेल काय, याचे उत्तर जाहीरपणे दिले गेले पाहिजे आणि त्यावर हरकती मागविल्या गेल्या पाहिजेत. ज्या भागात नव्या कार्यालयांना परवानगी द्यायची, त्या भागातील स्थानक किती प्रवासी पेलू शकते, याचा दाखला परवानगीच्या कागदांना जोडलेला असावा. जमिनीतून मिळणाऱ्या पैशाचा ठराविक भाग त्याच परिसरातील पूल, फलाट आणि बससेवा यांवरच खर्च व्हावा. यांपैकी काहीही क्रांतिकारक नाही. एखादा दक्ष हेडक्लार्कदेखील सुचवील अशा या गोष्टी आहेत. त्या नियमांत आणणे मात्र शासनाचे काम आहे.

कुलाबा स्थानकाच्या जागेवर पुढे बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत झाली. शेजारी कोळ्यांची वस्ती आहे आणि तिच्या होड्या अजून किनाऱ्याला लागतात. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी याच किनाऱ्यावर उतरले, तेव्हा हे नाव देशभर पोचले. पण त्या नावाखाली एक संपूर्ण टर्मिनस दडलेले आहे, हे त्या वेळीही फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. विस्मरणाचा हा भाग क्षम्य आहे. शहरे बदलतात, वास्तू जातात, आणि प्रत्येक जुन्या फलाटासाठी हळहळत बसण्याचे कारण नाही. क्षम्य नाही ते हिशेबाचे विस्मरण. एखादे स्थानक बंद करण्याचा, एखादी जमीन विकण्याचा किंवा एखादी इमारत उठविण्याचा ठराव यापुढे जेव्हा पुढे येईल, तेव्हा त्यात रोज सकाळी गाडीतून उतरणाऱ्या माणसाच्या वेळेचा रकाना आहे की नाही, हे लोकप्रतिनिधींनी आणि त्यांच्या मतदारांनी प्रथम तपासावे. १९३० मध्ये ते कोणी तपासले नाही. तिघा-चौघा पिढ्यांनी त्याची किंमत चर्चगेटपासून पुढे चालत जाऊन दिली.